उंच वाळवंटात सायकलने जाताना आधी पाणवठे मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सपाट प्रदेशात हजार-दीड हजार किलोमीटरच्या सफरी झाल्या आहेत. आता तीन आठवडे, एकट्याने, चार हजार मीटरच्या वरच्या कोरड्या आणि निर्जन पठारावर जायचं आहे. टायर किती रुंद घ्यावेत, सायकल कोणती, गियर कोणते, रोजचे किती किलोमीटर धरावेत, आणि पाणी साधारण किती लागेल?

तुमच्या प्रश्नात टायर सगळ्यात आधी आणि पाणी सगळ्यात शेवटी. माझ्या पहिल्या सफरीच्या वहीतही हाच क्रम होता. चार पानं सायकलीवर आणि कोपऱ्यात "पाणी: वाटेत तलाव आहेत" एवढंच. म्हणून उत्तर उलट्या टोकाने देतो.

ते तलाव नकाशावर खरंच होते. तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला मी त्यातल्या पहिल्या तलावाशी पोचलो तेव्हा माझ्याकडे जेमतेम लिटरभर पाणी उरलं होतं. काठावर पांढरा थर दिसला, तो मला लांबून बर्फ वाटला होता. ते मीठ होतं. ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. मग सायकल तिथेच आडवी टाकून काठाकाठाने चालत सुटलो आणि अंधार पडता पडता एक बोटभर धारेचा ओढा सापडला. त्या दोन तासांत जे कळलं ते निघण्यापूर्वी नकाशा नीट पाहिला असता तरी कळलं असतं.

ताजिकिस्तानातलं पूर्व पामीर, लडाखचं चांगथांग, दक्षिण अमेरिकेत अँडीजमधलं पुना हे पठार, अमेरिकेत वायोमिंगमधलं ग्रेट डिव्हाइड बेसिन, हे सगळे प्रदेश एकमेकांपासून हजारो किलोमीटर दूर आहेत, पण त्यांची घडण सारखी आहे. डोंगर पाऊस अडवतात, आणि जे थोडं पाणी येतं त्यातलं बरंचसं समुद्रापर्यंत जातच नाही. ते खोलगट भागात साचतं, उन्हाने उडून जातं आणि मीठ मागे ठेवतं. त्यामुळे सखल जागी पाणी असलं तरी ते खारं किंवा मचूळ असण्याचीच शक्यता जास्त. पामीरमधलं काराकुल, लडाखमधले त्सो कार आणि पँगाँग ही ठळक उदाहरणं. बोलिव्हियातलं उयुनी तर साडेदहा हजार चौरस किलोमीटरचं नुसतं मिठागर आहे, ३,६५० मीटर उंचीवर. गोडं पाणी मिळतं ते कडेला, बर्फाच्या डोंगरांच्या पायथ्याशी, आणि तलावात पडणाऱ्या ओढ्यांच्या तोंडाशी. नकाशावर मोठा निळा डाग दिसला की सावध व्हायचं आणि बारीक निळी रेघ दिसली की तिच्या वरच्या टोकाला बर्फ आहे का ते उपग्रहाच्या चित्रात बघायचं. बर्फ नसेल तर ती रेघ वर्षातले काही आठवडेच ओली असते. जमिनीवर असताना जनावरांच्या वाटा बघा. दोन-तीन वाटा एकमेकींत मिळत जात असतील तर त्या ज्या दिशेला एक होतात तिकडे बहुतेक पाणवठा असतो.

आता हिशेब. मी किलोमीटरचं वेळापत्रक करतच नाही. एका कागदावर पाणवठे एकाखाली एक लिहितो आणि दोन पाणवठ्यांमध्ये किती तास लागतील ते मांडतो. त्यासाठी रस्ता कसा आहे ते माहीत हवं. भरलेल्या सायकलीने, चार हजार मीटरवर, बऱ्या डांबरावर माझा वेग ताशी बारा किलोमीटरच्या आसपास राहतो. पन्हाळी पत्र्यासारख्या कच्च्या रस्त्यावर सहा ते आठ. वाळूत उतरून ढकलायची वेळ आली की तीन. म्हणजे तेच चाळीस किलोमीटर कधी साडेतीन तासांचे असतात, तर कधी दोन दिवसांचे. "रोज सत्तर किलोमीटर" असं ठरवून निघालेला माणूस दुसऱ्या प्रकारच्या रस्त्यावर सापडतो तेव्हा त्याच्याकडे पहिल्या प्रकारच्या रस्त्याचं पाणी असतं.

थंड हवेत, सायकल चालवताना मला तासाला अर्धा ते पाऊण लिटर लागतं. दिवसभराचं पिणं चार-पाच लिटर, रात्रीचं आणि सकाळचं रांधणं धरून आणखी दीड-दोन. म्हणजे कोरड्या मुक्कामासकट चोवीस तासांना सहा ते सात लिटर. तुमचा आकडा वेगळा निघेल, तो घरी असतानाच काढा. इथे घाम फुटलेला कळत नाही, कारण अंगावर येताच वाळतो. संध्याकाळी शर्टावर मिठाच्या रेघा दिसतात तेव्हा समजतं. शिवाय धापा टाकत तोंडाने घेतलेली कोरडी हवा प्रत्येक श्वासाबरोबर पाणी घेऊन जाते. तहानेवर विश्वास ठेवू नका, लघवीच्या रंगावर ठेवा.

या आकड्यावर मी एक रात्र जास्तीची धरतो, कारण पुढचा पाणवठा कोरडा निघू शकतो. दोन कोरडे दिवस म्हणजे बारा ते चौदा लिटर, म्हणजेच तेवढेच किलो. आणि इथे एक चक्र सुरू होतं: पाणी वाढलं की सायकल जड, सायकल जड की वेग कमी, वेग कमी की तास जास्त, तास जास्त की पाणी आणखी. दोन कोरड्या रात्रींच्या पुढे हे चक्र माझ्या आवाक्याबाहेर जातं. तसा टप्पा असेल तर कुणाच्या तरी गाडीतून आधी पाणी पोचवून ठेवायची सोय करायची, नाहीतर तो रस्ता सोडायचा. मी असे दोन रस्ते सोडले आहेत आणि त्यांच्याबद्दल मला अजून हळहळ वाटते, पण ते वेगळं.

सगळं पाणी एका पिशवीत कधी ठेवू नका. खडखडाटात कॅरियरच्या कडेला घासून पिशवीला भोक पडतं आणि ते तुम्हाला तासाभराने मांडी भिजल्याशिवाय कळत नाही. फेसाळ शीतपेयांच्या रिकाम्या बाटल्या सर्वात भरवशाच्या. आतल्या वायूचा दाब सोसण्यासाठी बनवलेल्या असल्यामुळे त्या साध्या पाण्याच्या बाटल्यांपेक्षा कितीतरी दणकट असतात. रात्री बाटल्या उलट्या, बूच खाली करून ठेवा. बर्फ वरून धरायला लागतो, त्यामुळे सकाळी बूच तरी मोकळं मिळतं. आणि चहापुरतं पाणी झोपण्यापूर्वीच भांड्यात ओतून ठेवा. गोठलेलं भांडं स्टोव्हवर ठेवता येतं, गोठलेली बाटली नाही.

पोकळ तंतूंचा जो छोटा फिल्टर हल्ली सगळे नेतात तो एकदा ओला झाल्यावर गोठला की संपला. आतले तंतू तडकतात, बाहेरून काहीच दिसत नाही, पाणीही पूर्वीसारखंच येतं. माझा असाच गेला आणि मी पुढचे चार दिवस त्याच्यातून पाणी "गाळून" प्यायलो. पाचव्या दिवशी पोटाने कळवलं. तेव्हापासून फिल्टर दिवसा खिशात आणि रात्री स्लीपिंग बॅगमध्ये. शुद्धीकरणाच्या गोळ्या थंड पाण्यात हळू काम करतात, पाकिटावरचा वेळ कमीत कमी समजा. उकळणं चालतं. साडेचार हजार मीटरवर पाणी ८५ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतं, पण तीन मिनिटं खळखळू दिलं तर जंतूंसाठी तेवढं पुरतं. कडधान्य मात्र त्या तापमानाला शिजत नाही, प्रेशर कुकर नसेल तर नेऊच नका. मीठ यातल्या कशानेच जात नाही. खनिजांचंही तेच. उत्तर चिलीतल्या काही नद्यांत नैसर्गिकरीत्याच आर्सेनिक आहे आणि ते पाणी दिसायला काचेसारखं असतं. कोणत्या झऱ्याचं पाणी माणसं पितात हे तिथल्या माणसांना विचारण्याला पर्याय नाही.

पाण्यानंतर दिवसाचं वेळापत्रक, आणि ते तुम्ही ठरवत नाही, वारा ठरवतो. सकाळी पठार शांत असतं. ऊन चढलं की जमीन तापते, हवा वर उठते, आणि दुपारपासून वारा जो सुटतो तो सूर्य मावळेपर्यंत थांबत नाही. हवा विरळ असल्यामुळे त्याच वेगाच्या वाऱ्याचा रेटा साडेचार हजार मीटरवर समुद्रसपाटीपेक्षा तिसऱ्या हिश्शाहून जास्तीने कमी असतो, हे खरं आहे. पण तुमचा दमही कमी झालेला असतो. १,५०० मीटरच्या वर दर शंभर मीटरला साधारण एक टक्का क्षमता घटते असा ढोबळ हिशेब आहे, म्हणजे तिथे तीस टक्के गेली. सवलत मिळाली आणि तिथल्या तिथे वसूल झाली.

म्हणून मी पहाटे, बोटं बधिर असताना निघतो आणि दुपारी दोनच्या आत थांबतो. याचा आणखी एक फायदा आहे. बर्फ वितळून येणारे ओढे सकाळी घोट्याएवढे असतात आणि संध्याकाळी मांडीएवढे. दुपारी ओढ्याशी पोचलात आणि पाणी गढूळ, दगड गडगडल्याचा आवाज येतोय, तर अलीकडेच तंबू टाका, उद्या सकाळी बघू. तंबू मात्र कोरड्या पात्रात नको, कितीही सपाट आणि आडोशाची जागा वाटली तरी. पाऊस तीस किलोमीटर दूर डोंगरात पडतो आणि पाणी तुमच्याकडे येतं. अँडीजमध्ये वारा प्रामुख्याने पश्चिमेकडून येतो, त्यामुळे तिथल्या खिंडी चिलीकडून अर्जेंटिनाकडे ओलांडणं सोयीचं पडतं. सफरीची दिशा ठरवताना हा एक मुद्दा टायरच्या दहा मुद्द्यांपेक्षा जड आहे.

उंचीबद्दल तुम्ही काही विचारलंच नाहीत. सायकलवाल्यांचा एक गोड गैरसमज असतो की आपण हळू चढतो, म्हणून शरीर आपोआप जुळवून घेतं. एका दिवसात बाराशे मीटर चढणं तंदुरुस्त माणसाला अवघड नाही, आणि तंदुरुस्त माणसालाच उंचीचा त्रास जास्त अडचणीत आणतो, कारण डोकं दुखत असतानाही तो पॅडल मारत राहू शकतो. नियम साधा आहे: तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा. विमानाने थेट ३,५०० मीटरवरच्या लेहमध्ये उतरणार असाल तर पहिले दोन-तीन दिवस सायकल खोक्यातच राहू द्या. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं हे दिसलं की वर जायचं नाही. तोल जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला येऊ लागला, तर त्याच क्षणी खाली, रात्र असली तरी. उंचीच्या त्रासावरचं ॲसिटाझोलामाइड हे औषध घ्यायचं की नाही हे डॉक्टरांना विचारा, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर. त्याने लघवी वाढते एवढं मात्र पाण्याच्या हिशेबात धरा.

"खाली उतरा" हा सल्ला डोंगराच्या उतारावर असताना सोपा असतो. पठारावर खाली म्हणजे कुठे? मनाली-लेह रस्त्यावरचं सरचू घ्या. मुक्कामाची उंची साधारण ४,३०० मीटर. मागे बारालाचा ला ही खिंड, सुमारे ४,९०० मीटर. पुढे गाटा लूप्सची एकवीस वळणं आणि त्यावर नकी ला, मग पाच हजारांच्या वरचा लाचुंग ला. रात्री दोन वाजता त्रास सुरू झाला तर दोन्ही बाजूंना फार खाली उतरण्याआधी खिंड चढावी लागते. त्यामुळे पाणवठ्यांच्या कागदावर मी प्रत्येक मुक्कामासमोर एक रकाना ठेवतो: इथून किमान पाचशे मीटर खालची जागा कोणती, किती दूर, आणि वाटेत खिंड आहे का. ज्या मुक्कामासमोर हा रकाना वाईट दिसतो तिथे तब्येत ठणठणीत असेल तरच झोपायचं, नाहीतर आदल्या मुक्कामी एक दिवस जास्त काढायचा. हे भरताना खिंडींवरच्या पाट्यांवर फार विसंबू नका. खार्दुंग ला वरची पाटी वर्षानुवर्षं १८,३८० फूट सांगत आली आणि खरी उंची ५,३५९ मीटर, म्हणजे आठशे फूट कमी. फोटोला पाटी ठीक आहे.

रोजचं अंतर विचारलंत, तर कच्च्या रस्त्यावर चाळीस धरा आणि पन्नास झाले तर खूश व्हा. कच्च्या रस्त्यावरची ही पन्हाळी कशी तयार होते याचे प्रयोगशाळेत प्रयोग झाले आहेत. वाळूच्या गोल पट्ट्यावरून चाक फिरवलं की ठरावीक वेगाच्या वर आपोआप लाटा उठतात. ना स्प्रिंग लागते ना इंजिन. म्हणजे गाड्यांनी वेग कमी केला तर रस्ता सुधारेल, पण गाड्या वेग कमी करणार नाहीत. आपण कडेची एक वीतभर गुळगुळीत पट्टी शोधायची. ती कधी डावीकडे असते, कधी उजवीकडे, आणि ती शोधत रस्ता ओलांडत राहण्यात दिवस जातो. सायकलवर याचा परिणाम एका शब्दात: बोल्ट. सगळ्यात आधी कॅरियरचे, मग बाटलीच्या पिंजऱ्याचे. निघण्यापूर्वी प्रत्येक बोल्टला आटे पकडणारा गोंद लावा, जादा बोल्ट न्या, आणि रोज संध्याकाळी तंबू लावल्यावर किल्ली घेऊन सायकलीभोवती एक चक्कर मारा. कॅरियर पोलादाचा असेल तर तुटला तरी कुठल्याही वर्कशॉपमध्ये जोडून मिळतो. मागच्या चाकाचे चेनच्या बाजूचे स्पोक तुटतात, ते बदलायला कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा जुडगा, काढावी लागते. त्याचं हत्यार नेणार नसाल तर दोऱ्याचे तात्पुरते स्पोक तरी न्या. चेनला तेल कमीत कमी, कारण फुफाटा त्याला चिकटून त्याची पॉलिश पेस्ट होते.

इंधनाचं लवकर आटपतो. गॅसच्या कुप्या अशा भागात मिळत नाहीत आणि विमानात नेता येत नाहीत. पेट्रोल किंवा रॉकेल दोन्ही जाळणारा स्टोव्ह घ्या, त्याचं तोंड साफ करायची सुई जपून ठेवा. अन्न लागेल त्यापेक्षा दोन दिवस जास्त, आणि त्यातलं अर्धं न शिजवता खाता येण्यासारखं, कारण उंचीवर भूक मरते आणि वाऱ्यात रांधायचा कंटाळा येतो. अतिनील किरणं दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. मिठागरावर ती खालूनही येतात, नाकपुड्यांच्या आतल्या कडा भाजलेला माणूस मी आरशात पाहिला आहे.

एकट्याने जावं का? जाता येतं. मी बहुतेक वेळा एकटाच गेलो आहे. पण तीन आठवड्यांतला सर्वात लांब कोरडा टप्पा पहिल्या आठवड्यात येत असेल तर सफर उलट्या दिशेने करा, किंवा तेवढ्या टप्प्यापुरता जोडीदार शोधा. तुमचा कागद घरच्या एका माणसाकडे ठेवा आणि "अमुक दिवसापर्यंत कळवलं नाही तर अमुक ठिकाणी फोन कर" असं लिहून द्या. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र उपयोगी आहे, मात्र आधी त्या देशाचा कायदा बघा. भारतात परवानगीशिवाय असं यंत्र बाळगणं गुन्हा आहे आणि त्यापायी परदेशी प्रवासी विमानतळावर अडकले आहेत. सीमाभागातले परवानेही तसेच. ताजिकिस्तानात पामीरला जायला व्हिसाशिवाय वेगळा परवाना लागत आला आहे, चांगथांगचा बराचसा भागही परवान्याचा. नाक्यावर माघारी पाठवलं तर तुमच्या पाण्याच्या हिशेबात एक आख्खा परतीचा टप्पा वाढतो.

आता सायकल. पोलादी सांगाडा, साधे सुटे भाग, आणि सर्वात हलका गियर असा की पुढची चकती मागच्या सर्वात मोठ्या चकतीपेक्षा बरीच लहान असेल. पुढे २२ दात आणि मागे ३६ असतील तर चौदा किलो पाणी घेऊन खिंड चढता येते. चढावर ताशी चार किलोमीटरने तोल सांभाळता आला की गियर पुरेसे आहेत.

टायर सव्वादोन इंच घ्या. हवा नेहमीपेक्षा बरीच कमी ठेवा, कच्च्यावर २५ ते ३० पीएसआय. आणि सकाळी निघताना अंगठ्याने एकदा दाबून बघा. पहाटेच्या थंडीत दाब उतरलेला असतो, म्हणून लगेच पंप काढू नका, ऊन लागल्यावर पुन्हा बघा.